वाचकांचे प्रश्न : ऑपरेशननंतरचा व्हायरल न्यूमोनिया

प्रश्न : वडिलांचं अन्ननलिकेच्या कॅन्सरचं ऑपरेशन नीट पार पडलं. सहाव्या दिवशी ताप, खोकला आणि धाप सुरू झाली. डॉक्टर व्हायरल न्यूमोनिया म्हणतात, तरी अँटिबायोटिक चालूच आहे. असं का? आम्ही काय करायचं?

उत्तर : छातीत-पोटात टाके असले की दुखेल या धास्तीने रुग्ण पुरता श्वास घेत नाही, खोकत नाही. फुप्फुसाचा खालचा भाग मिटून राहतो, कफ साचतो. केमोने प्रतिकारशक्ती आधीच उतरलेली असेल, तर भेटायला आलेल्याची साधी वाटणारी सर्दीही (इन्फ्लुएन्झा म्हणजे फ्लू, आरएसव्ही हा श्वसनमार्गाचा विषाणू, कोविड) छातीत उतरते.

विषाणू की जिवाणू, हे नुसत्या एक्स-रेवर ठरत नाही. नाका-घशाच्या स्वॅबची पीसीआर (विषाणूचा जनुकीय अंश शोधणारी) तपासणी लागते. ती निगेटिव्ह आली तरी कधी दुर्बिणीने फुप्फुसातला नमुना घ्यावा लागतो. शिवाय विषाणूने सोलवटलेल्या श्वासनलिकेत जिवाणू सहज शिरतात, म्हणून ती शक्यता मावळेपर्यंत अँटिबायोटिक थांबवत नाहीत. अन्ननलिकेच्या ऑपरेशननंतर याच दिवसांत आतल्या जोडातून (अन्ननलिका कापून जिथे पुन्हा जोडली तिथून) गळतीही होऊ शकते आणि तिचीही सुरुवात ताप-धापेनेच होते. ‘गळती नाही ना, हे पाहिलंत का?’ असं डॉक्टरांना जरूर विचारा.

इन्फ्लुएन्झा निघाला तर ओसेल्टामिविर हे विषाणूविरोधी औषध देतात : मोठ्यांना सहसा ७५ मिलिग्रॅम, दिवसातून दोनदा, ५ दिवस, मूत्रपिंड कमजोर असेल तर कमी. लक्षणं सुरू झाल्यापासून पहिल्या ४८ तासांत फायदा सर्वांत जास्त, म्हणून रिपोर्टची वाट न पाहताही ते सुरू करतात. बाकीच्या बहुतेक विषाणूंवर नेमकं औषध नाही. तिथे ऑक्सिजन आणि श्वासाचे व्यायाम यांवरच भिस्त.

डॉक्टरांनी परवानगी दिली की स्पायरोमीटरचा (श्वास ओढला की आतले तीन छोटे चेंडू वर जातात ते उपकरण) व्यायाम तुम्ही करून घ्या. यात हमखास होणारी चूक म्हणजे नळीत फुंकणं. फुंकायचं नाही, हवा सावकाश आत ओढायची. ताठ बसवा, ओठ नळीभोवती घट्ट, चेंडू वर गेले की ३ ते ५ सेकंद श्वास धरायचा. जागेपणी तासाला १० वेळा. मग टाक्यांवर उशी घट्ट दाबून खोकायचं. दुखण्याचं औषध मागायला संकोच नको. दुखत असताना कोणीही खोल श्वास घेत नाही. पलंगाची उशाकडची बाजू किमान ३० अंश वर ठेवा आणि परवानगीशिवाय घोटभर पाणीही तोंडाने देऊ नका. सर्दी झालेल्या कोणालाही, अगदी घरच्यांनाही, खोलीत सोडू नका.

प्रश्न : घरी आल्यावर कशावर लक्ष ठेवायचं?

उत्तर : श्वासांवर. स्वस्थ बसलेले असताना पूर्ण एक मिनिट मोजा. २४ च्या वर गेले, बोटाला लावायच्या ऑक्सिमीटरवर ऑक्सिजन ९४ टक्क्यांच्या खाली आला किंवा ते असंबद्ध बोलू लागले तर ताप नसला तरी लगेच रुग्णालयात न्या. ताप पॅरासिटामॉल देण्याआधी मोजा, नंतरचा आकडा फसवतो. १००.४ फॅरनहाइटला फोन करायचाच. पुढची केमो केव्हा, हे कॅन्सरतज्ज्ञच ठरवतील. जुन्या तारखेला परस्पर जाऊ नका.