ऑर्डरी झेपल्या नाहीत तर?

छोटा व्यवसाय करणाऱ्यांकडून एक प्रश्न माझ्याकडे हमखास येतो. वेबसाइट करायची आहे, पण त्यातलं आपल्याला काही कळत नाही. कुणी फसवलं तर? पैसे घातले आणि काही झालंच नाही तर? नागपूरच्या इतवारीतली जुनी पेढी असो की मानेवाड्यातला घरगुती उद्योग, शब्द तेवढे बदलतात. ही काळजी खरी आहे. ती घेऊन आलेल्याला ‘आजकाल सगळेच करतात, तुम्हीही करा’ एवढं सांगून परत पाठवणं मला पटत नाही. कारण या काळजीच्या पोटात बहुतेक वेळा दुसरीच एक काळजी असते, आणि वेबसाइटची आखणी तिथूनच सुरू करावी लागते.

सक्करदऱ्याच्या एका काकूंचं उदाहरण त्यांच्या परवानगीनं सांगते. ओळख पटू नये म्हणून थोडे तपशील बदलले आहेत. काकू उन्हाळ्यात वाळवणाचे पदार्थ करतात. सरगुंडे, कुरड्या, सांडगे, मुगवड्या, साबुदाण्याचे पापड, आणि वर्षभर थोडे मसाले. मुलगा मिहान या नागपूरच्या उद्योग-वसाहतीतल्या एका कंपनीत आहे. त्यानं एका डिझायनरकडून कोटेशन आणलं होतं. त्यात फिरते फोटो होते, कार्ट होतं, चॅट होतं, पुढं मोबाइल ॲपही होतं. काकू ते कोटेशन घडी घालून पर्समध्ये ठेवूनच आल्या होत्या.

पहिला अर्धा तास त्या खर्चाबद्दल बोलल्या. मग म्हणाल्या, “पोरगा मागं लागून राहिला मॅडम. म्हणते, आई, साऱ्या देशात माल जाईन. मी म्हटलं, जाईन त खरं, पण करन कोन? चारच बाया आहेत माह्याकडे, अन् गच्ची एकच.”

मुलाला वाटत होतं की आई तंत्रज्ञानाला घाबरते. त्या घाबरत होत्या ते शब्द मोडण्याला. पैसे घेतले आणि माल देता आला नाही, घाईत अर्धवट वाळलेला माल गेला, त्याला बुरशी आली, तर इतक्या वर्षांचं नाव जाईल, ही ती भीती. हे एकदा समोर आल्यावर मुलाचा सूरही बदलला.

मग आम्ही कोटेशन बाजूला ठेवलं आणि गच्चीचा हिशेब मांडला. नागपुरात मे महिन्यात पारा पंचेचाळिशीच्या घरात जातो, तेव्हा पदार्थ झपाट्यानं वाळतात. पण सरगुंड्यांची पीठाची दोरी काडीवर हातानंच गुंडाळावी लागते, त्याला यंत्राचा वेग येत नाही. चार बायका मिळून दिवसाला दहा-बारा किलोंच्या वर जात नव्हत्या. त्यातही अवकाळी पाऊस आला की दोन-तीन दिवस गेलेच. एकूण मालातला निम्म्याहून जास्त तर जुन्या घरांचा ठरलेला. उरलेला माल एवढा थोडा होता की त्यासाठी देशभर जाहिरात करायची गरजच नव्हती.

मग वेबसाइट कशाला, असं मुलानं विचारलं. प्रश्न रास्त होता. उत्तर काकूंच्या फोनमध्ये होतं. मी त्यांना सांगितलं, आठवडाभर जो फोन येईल, जो व्हॉट्सॲप येईल, त्यातला प्रश्न एका वहीत लिहून ठेवा. उत्तर लिहू नका, फक्त प्रश्न. वही आली तेव्हा तिच्या पानांना बेसन लागलेलं होतं. ‘पुण्याला पाठवता का?’ ‘मागच्या वर्षीचे तर नाहीत ना?’ ‘पापडखार घालता का?’ ‘उपासाला चालतात का?’ ‘पाव किलोत किती येतात?’ ‘लग्न एप्रिलमध्ये आहे, रुखवतासाठी मिळतील का?’ तेच पाच-सात प्रश्न, पुन्हा पुन्हा. पीठ मळलेल्या हातानं काकू दिवसभर हीच उत्तरं देत होत्या.

माझ्या मते वेबसाइटची खरी आखणी ही वहीच आहे. पहिल्या पानावर काय हवं, हे डिझायनरला विचारण्यात अर्थ नाही; त्याला तुमचा ग्राहक माहीत नसतो. ज्या प्रश्नांना तुम्ही रोज तोंड देता, त्यांची उत्तरं तुमच्याच भाषेत, तुमच्याच मालाच्या फोटोसह लिहिली की निम्मं काम झालं. काकूंनी उत्तरं बोलून सांगितली, मुलानं टाइप केली. ‘आमचे उपासाचे पापड वेगळ्या भांड्यात करतो’ हे वाक्य काकूंचंच आहे. कुठलाही लेखक आणला असता तरी त्याला ते सुचलं नसतं.

मुलाला त्यातून दुसरीही गोष्ट दिसली. वेबसाइट ऑर्डर आणते, तशी थांबवूही शकते. विक्रीच्या कुठल्याही चांगल्या सॉफ्टवेअरमध्ये प्रत्येक वस्तूपुढं शिल्लक साठा भरता येतो. तो शून्यावर आला की ‘संपले’ दिसतं आणि पुढची मागणी घेतली जात नाही. काकूंनी ठरवलं की नोंदणी जानेवारीत उघडायची आणि ठरलेले किलो भरले की बंद. हे ऐकल्यावर त्या पहिल्यांदा मोकळ्या बोलल्या.

कुरड्यांची गोष्ट मात्र वेगळी निघाली. पाठवण्याबद्दल साइटवर काही लिहायच्या आधी पुण्याच्या भाचीला एक पार्सल पाठवा, असं मी सुचवलं. खोका उघडल्यावर सांडगे आणि मुगवड्या जशाच्या तशा होत्या, सरगुंडे थोडे तुटले होते, कुरड्यांचा मात्र चुरा. कागद भरून, जाड खोका घेऊन पुन्हा पाठवलं, तरी बऱ्याच मोडल्या. कुरड्या फक्त घरी येऊन घ्यायच्या, असं काकूंनी ठरवलं. साइटवर ते ठळक लिहिलं आहे. मुलाला सुरुवातीला ते मागासलेपण वाटलं. मला ते त्या सगळ्या आखणीतलं सगळ्यात प्रामाणिक वाक्य वाटतं.

कायद्याचा भाग टाळू नये. करपात्र माल राज्याबाहेर विकायचा असेल तर उलाढाल कितीही कमी असली तरी जीएसटी नोंदणी लागते, आणि कंपोझिशन योजनेत (छोट्या व्यापाऱ्यांसाठीची सोप्या, ठरावीक दराची जीएसटी योजना) असलेल्या व्यापाऱ्याला राज्याबाहेर माल विकता येत नाही. ‘संपूर्ण भारतात पाठवतो’ हे वाक्य डिझायनर सहज टाकून देतो, निस्तरावं तुम्हाला लागतं. कुठल्या पदार्थावर कर आहे आणि कुठल्यावर नाही हे सीएकडे नीट विचारा. काकूंनी पहिलं वर्ष फक्त महाराष्ट्र ठेवला. खाद्यपदार्थ असल्यानं एफएसएसएआयचा, म्हणजे केंद्राच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाचा, 14 अंकी नंबर पाकिटावर हवाच. शिवाय बंद पाकिटावरचा निव्वळ वजन, एमआरपी, बनवणाऱ्याचं नाव-पत्ता हा मजकूर ऑनलाइन विकताना साइटवरही दिसावा लागतो. 2020 च्या ई-कॉमर्स नियमांप्रमाणे तक्रार कुणाकडे करायची ते नाव आणि नंबर द्यायचा, आणि तक्रारीची पोच 48 तासांत. पेमेंट गेटवेवाले, म्हणजे साइटवर ग्राहकाचे पैसे घेऊन तुमच्या खात्यात पोचवणाऱ्या कंपन्या, परतावा, पाठवणी आणि गोपनीयतेची पानं पाहिल्याशिवाय बहुधा खातं सुरू करत नाहीत; तेव्हा ‘ते नंतर बघू’ म्हणू नका. गेटवे प्रत्येक व्यवहारामागे साधारण 2 टक्के आणि त्यावर जीएसटी घेतो, तो किमतीत आधीच धरा.

आता फसवणुकीबद्दल, कारण ती भीती अगदीच निराधार नाही. माझ्याकडे आलेल्या एका कापड दुकानदाराच्या वेबसाइटचं नाव, म्हणजे डोमेन, डिझायनरनं स्वतःच्या खात्यात घेतलं होतं. पुढं तो फोन उचलेना, नूतनीकरण झालं नाही, आणि दुकानाच्या पाटीवर, बिलावर, पिशवीवर छापलेलं नाव हातातून गेलं. या माणसाचं दुःख पैशाचं नव्हतं. वडिलांच्या नावाचं दुकान होतं त्यांचं. डोमेनला वर्षाला साधारण हजार-दीड हजार रुपये लागतात. ते स्वतःच्या ईमेलनं, स्वतःच्या नावावर, स्वतःच्या कार्डावरून घ्या. होस्टिंगचं, म्हणजे साइट ठेवायच्या इंटरनेटवरच्या जागेचंही तसंच. डिझायनरला काम करण्यापुरता प्रवेश द्या, मालकी नको. आणि किती पानं, बदल कोण करणार, त्याचे किती, दर वर्षी किती, हे एका कागदावर सहीनिशी घ्या. चांगला डिझायनर याला कधीच हरकत घेत नाही. जो घेतो, त्याला तिथंच नमस्कार करावा.

काकूंनी ते कोटेशन परत केलं नाही. त्यातलं ॲप, चॅट आणि फिरते फोटो खोडले आणि उरलेल्याचा भाव त्याच डिझायनरकडून पुन्हा मागवला. साइट पाच पानांची झाली. पहिल्या हंगामात सरगुंड्यांची नोंदणी मार्च संपायच्या आत भरली आणि बंद झाली. तरी काही ओळखीच्यांचे फोन आलेच, ‘आमच्यासाठी म्हणून’ करून द्या म्हणणारे. त्यांना नाही म्हणणं काकूंना अजून जड जातं. त्यावर आमचं बोलणं सुरू आहे. मुलाला पुढच्या वर्षी हैदराबादला माल पाठवायचा आहे. त्यासाठी तो सीएला भेटला आहे, आणि शेजारच्या घराची गच्ची भाड्यानं मिळते का, हे काकू विचारून आल्या आहेत.