घरच्या नॅसवर सिनेमे, मालिका आणि घरगुती व्हिडिओ यांचे फोल्डर कसे लावावेत?

दोन डिस्कचा नॅस (घरच्या नेटवर्कला जोडलेला, फाइली साठवायचा डबा) घेतलाय, त्यावर मराठी, हिंदी, तेलुगू, कन्नड सिनेमे, मालिका, लग्नांची आणि गड्डा यात्रेची (सोलापूरच्या सिद्धेश्वराच्या जत्रेची) शूटिंग असं सगळं ओतलंय, आता भाषेनुसार फोल्डर करू का, असं तुम्ही विचारलंय.

भाषेनुसार नको. आपल्या सोलापुरात एकेका घरात तीन-तीन भाषा चालतात, म्हणून हेच आधी सुचतं. पण तेलुगू सिनेमाची हिंदीत डब केलेली फाइल कुठे टाकणार? एकाच फाइलमध्ये दोन्ही ऑडिओ ट्रॅक असले, तर बघायलाच नको. प्रकार, कलाकार, वर्ष ही वर्गवारी जेलिफिन किंवा प्लेक्स (नॅसवरचे सिनेमे टीव्हीवर दाखवणारं सॉफ्टवेअर) स्वतःच करतं.

मी एकच भेद पाळतो. ज्याची माहिती इंटरनेटवर मिळते ते एकीकडे, आणि ज्याची माहिती फक्त घरच्यांना आहे ते दुसरीकडे.

पहिल्यात डोकं घालवू नका, सॉफ्टवेअर म्हणेल तसं करा. सिनेमे आणि मालिका वेगळे ठेवा. प्रत्येक सिनेमाला स्वतःचा फोल्डर, नावापुढे कंसात वर्ष. वर्ष नसेल तर १९७८ च्या 'डॉन'ला २००६ चं पोस्टर चिकटण्याची शक्यता असते. मालिकेत सीझनचा फोल्डर, फाइलच्या नावात सीझन आणि भागाचा क्रमांक. आकडे मात्र इंग्रजीच टाइप करा.

खरा वेळ दुसऱ्या भागाला द्या. जुन्या हँडीकॅमच्या फाइलींना ००००१.एमटीएस अशी नावं असतात आणि बऱ्याचदा नवीन कार्ड टाकलं की आकडे पुन्हा पहिल्यापासून सुरू होतात. दोन वर्षांची यात्रा एकाच फोल्डरमध्ये कॉपी केली आणि 'रिप्लेस' दाबलं, की एक वर्ष गेलंच. म्हणून आधी फोल्डर, मग कॉपी. फोल्डरच्या नावात तारीख पुढे आणि उलटी: '2024-01 गड्डा यात्रा', म्हणजे क्रम आपोआप लागतो. 'ताईचं लग्न' असं लिहू नका, नाव लिहा. पुढच्या पिढीत ताई वेगळी असते.

व्हॉट्सॲपवरून आलेल्या फोटोंमधली काढल्याची तारीख पुसलेली असते, त्यामुळे फोटोंचं ॲप ते भलत्याच महिन्यात दाखवतं. अँड्रॉइडवर फाइलच्या नावात आल्याची तारीख असते; एक्झिफटूल या फोटोतली माहिती बदलणाऱ्या प्रोग्रॅमने ती नावातून उचलून फोटोत लिहिता येते. पण चुलत्यांनी जुना फोटो काल पाठवला असेल तर तारीख कालचीच लागणार, तेवढे हाताने दुरुस्त करा.

प्रत्येक फोल्डरमध्ये एक साधी टेक्स्ट फाइल ठेवा. कोण कोण दिसतंय, शूटिंग कुणी केलं, यात्रेत नंदीध्वजाची काठी पेलणारे आजोबा नेमके कोणते. हे कुठलंही सॉफ्टवेअर सांगणार नाही, आणि सांगणारी माणसं घरात आहेत तोवरच लिहून होतं.

या विभागणीचा मोठा फायदा बॅकअपला होतो. दोन डिस्क मिरर केल्या (दोन्हींवर एकच गोष्ट साठवली) म्हणजे बॅकअप झाला, असं समजू नका. एक डिस्क बिघडली तर मिररने काम चालू राहील, पण चुकून डिलीट केलेलं दोन्हीकडून एकदमच जातं. सिनेमे पुन्हा मिळतील, म्हणून सगळ्याचा बॅकअप नको. फक्त घरचा फोल्डर एका यूएसबी डिस्कवर घ्या आणि ती बहिणीकडे किंवा मामाकडे ठेवा. दर सणाला जाणं होतंच, तेव्हा अद्ययावत करायची.

नॅस माळ्यावर पत्र्याखाली ठेवू नका, मे महिन्यात आपल्याकडे काय होतं ते तुम्हाला माहीत आहे. छोटा यूपीएस जोडा. आणि टीव्हीवर जे खातं वापराल त्याला फक्त बघण्याची परवानगी द्या, डिलीटची नको. रिमोट लहान मुलांच्याच हातात असतो.