आधी वळणं बघायला शिक
मोटोजीपी, म्हणजे मोटरसायकल शर्यतींची जागतिक स्पर्धा, नव्याने बघतोयस ना, मग सरळ रस्त्यावरचा वेग सोड, वळणं बघ. माझं ऐकशील तर जर्मनीच्या झाक्सनरिंग ट्रॅकपासून सुरुवात कर. 13 वळणं, त्यातली 10 डावी. सतत डावीकडे झुकल्याने टायरची उजवी बाजू गार पडते, तिची पकड कमी होते, आणि नेमकं तेव्हाच उताराच्या तोंडावरचं अकरावं वळण उजवीकडे घेतं. भलेभले तिथे घसरतात! स्पेनचा रायडर मार्क मार्केझ मात्र 2010 ते 2021 या काळात इथे उतरला तेव्हा दरवेळी जिंकला. वळणात त्याचं कोपर डांबराला कसं टेकतं ते नीट बघ. नेदरलँड्सच्या आसेन ट्रॅकचा मान मोठा, तिथली शर्यत 1949पासूनची. पण माझा जीव ऑस्ट्रेलियाच्या फिलिप आयलंड ट्रॅकवर. बाजूला समुद्र, अंगावर वारा. तिथली शर्यत अजिबात चुकवू नकोस.