केस नको, ब्लॉक मोजा

हिस्टोपॅथॉलॉजी लॅब (शरीरातून काढलेला टिश्यू सूक्ष्मदर्शकाखाली तपासणारी) नव्यानेच हाती आली असेल, तर किती केसेस येतात यावरून किती माणसं लागतील ते ठरवू नका. त्वचेच्या छोट्या बायोप्सीचा एकच ब्लॉक (मेणात बसवलेला टिश्यूचा तुकडा) होतो, स्तन काढण्याच्या शस्त्रक्रियेच्या नमुन्याचे वीस-पंचवीस सहज होतात. रजिस्टरमध्ये मात्र दोन्ही एकेकच केस.

खरी कोंडी होते ती मायक्रोटोमवर, म्हणजे ब्लॉकचे पातळ काप घेणाऱ्या यंत्रावर. टिश्यूतलं पाणी काढून त्यात मेण भरणारा प्रोसेसर रात्रभर चालतो, त्यामुळे सकाळी सगळा टिश्यू एकदम हातात येतो. एम्बेडिंग (टिश्यू मेणात बसवून ब्लॉक करणं) आणि कटिंगच्या लोकांना लवकर बोलवा, बाकीचे उशिरा आले तरी चालतं. आणि तासाला किती ब्लॉक कापले एवढ्यावरच कुणाला जोखू नका. ३-४ मायक्रॉनचा काप वॉटर बाथवर (कोमट पाण्यावर) सुरकुतला की रिकट आला, म्हणजे त्याच ब्लॉकचा पुन्हा काप. छोट्या बायोप्सीत तेवढा टिश्यू उरतोच असं नाही. रिकटची नोंद वेगळी ठेवा. ती वाढली तर आधी ब्लेड बघा, मग समोरचा माणूस किती वेळ सलग बसलाय ते.

स्पेशल स्टेन (नेहमीपेक्षा वेगळे रंग), इम्युनो (अँटिबॉडी वापरून केलेलं स्टेनिंग), यंत्रांची सफाई, ब्लॉक लावून ठेवणं, हा वेळही हिशेबात धरा. वरिष्ठांकडे जादा माणूस मागताना हीच नोंद कामी येते. एक मात्र कितीही घाई असली तरी मोडू देऊ नका: एका वेळी एकच ब्लॉक आणि त्याच्याच स्लाइड्स.