दोन वर्षांच्या कॉलेजात क्लब कशाला?

कम्युनिटी कॉलेजातून, म्हणजे दोन वर्षांच्या सरकारी कॉलेजातून, चार वर्षांच्या विद्यापीठात ट्रान्स्फर कशी मिळते, याबद्दल मागच्या अंकात लिहिलं होतं. त्यावर आलेल्या पत्रांत क्लबांविषयीची पत्रं इतकी होती की हा अंक त्यांनाच देते. मी बे एरियातल्या एका कम्युनिटी कॉलेजात गणित शिकवते आणि बरीच वर्षं विद्यार्थी क्लबांची जबाबदारी कॉलेजच्या वतीने घेणारी अ‍ॅडव्हायजर आहे. खालचे नियम कॅलिफोर्नियाचे आहेत. इतर राज्यांतल्या वाचकांनी आपल्या कॉलेजच्या स्टुडंट अ‍ॅक्टिव्हिटीज ऑफिसात विचारून घ्यावं.

मुलगा कम्युनिटी कॉलेजच्या पहिल्या वर्षाला आहे. कम्प्युटर सायन्स करून बर्कलीला जायचं म्हणतो. तास संपला की गाडी काढून थेट घरी. मैत्रीण म्हणते, पाच-सहा क्लबांत नाव घालू दे, अर्जात दिसतं. त्याचे बाबा म्हणतात, जीपीए (गुणांची सरासरी) सांभाळ, बाकी सगळा वेळेचा अपव्यय. कुणाचं ऐकू? – एक आई, फ्रीमाँट

बाबांचं म्हणणं सॅन होजे स्टेटसारख्या कॅल स्टेट विद्यापीठांपुरतं बरंचसं खरं आहे. तिथे ट्रान्स्फरला साधारणपणे गुण आणि घेतलेले विषय पाहतात. क्लबांची यादी, निबंध मागत नाहीत. यूसी म्हणजे युनिव्हर्सिटी ऑफ कॅलिफोर्निया. तिच्या डेव्हिस, आयर्वाइन, मर्सेड, रिव्हरसाइड, सांता बार्बरा आणि सांता क्रूझ या सहा ठिकाणी 'टॅग' म्हणजे प्रवेशाची हमी मिळते, तीही गुण आणि विषयांवरच. बर्कलीही यूसीचीच, पण त्या सहांत नाही. तिथे माणसं बसून अर्ज वाचतात.

यूसीच्या अर्जात उपक्रमांच्या २० नोंदी करता येतात. म्हणून मैत्रिणीला वाटतं की रकाने भरावेत. पण त्याच अर्जात चार प्रश्नांची उत्तरं लिहायची असतात, प्रत्येकी जास्तीत जास्त ३५० शब्द. एक प्रश्न सक्तीचा, निवडलेल्या विषयाची तयारी कशी केली याचा. उरलेले तीन सातांतून निवडायचे. सहा क्लबांत नुसतं नाव असलेल्या मुलाकडे त्या ३५० शब्दांत सांगायला काहीच नसतं, आणि हे मी दर नोव्हेंबरला पाहते. मुलं निबंध घेऊन माझ्या खोलीत येतात, मी विचारते, 'तू नेमकं काय केलंस?' आणि ती गप्प होतात.

आमच्या मॅथ क्लबात एक मुलगी होती. अध्यक्ष नव्हती, सेक्रेटरीही नव्हती. प्रीकॅल्क्युलसमध्ये अडकलेल्यांसाठी मंगळवारी दुपारी खोली उघडायची, एवढं एकच काम तिने घेतलं. खोलीचं बुकिंग, फळ्यावर गणितं, कोण आलं नाही त्याला मेसेज. परीक्षेच्या आठवड्यात खुर्च्या पुरायच्या नाहीत. तिच्या निबंधाला मला हात लावावा लागला नाही, कारण सांगण्यासारखं तिच्याजवळ होतं.

आता अर्ज बाजूला ठेवते, कारण मला काळजी दुसऱ्याच गोष्टीची वाटते. बहुतेक कम्युनिटी कॉलेजांत हॉस्टेल नसतं. मुलं पार्किंगमधून वर्गात आणि वर्गातून पार्किंगमध्ये जातात. त्यांतली निम्मी मुलं नोकरी करत असतात. शेजारच्या बाकावरच्या मुलाचं नाव कळायच्या आत सत्र संपतं. कुठल्या प्राध्यापकाकडे डेटा स्ट्रक्चर्स घ्यावं, कुठला विषय राहिला तर बर्कलीचा अर्ज अडकेल, नापास झाल्यावर काय करायचं, हे वर्षभर पुढे असलेली मुलं सांगतात, आणि ती भेटतात क्लबात. तुमचा मुलगा अभ्यासात मागे पडेल अशी भीती मला वाटत नाही. तो दोन वर्षं एकटा काढेल, ही वाटते.

सत्राच्या सुरुवातीच्या आठवड्यांत क्लब डे असतो, टेबलं मांडलेली असतात. त्याला दोन-तीन क्लबांच्या मीटिंगांना जाऊन बसू दे. मग एक क्लब धरायचा आणि त्यातलं एक काम. बऱ्याच कॉलेजांत दुपारी एक तास तासिकांपासून मोकळा ठेवतात, 'कॉलेज अवर' म्हणतात. त्या दिवशी त्याने घरी जेवायला यायचं नाही, एवढं तुम्ही ठरवा. निवड त्याला करू द्या. आईने भरलेला फॉर्म आम्हाला लगेच कळतो, आणि मुलगा दुसऱ्या मीटिंगला दिसत नाही.

मला मराठी क्लब काढायचाय. इंडियन क्लब आहे, पण तिथे फक्त बॉलीवूड डान्स. अडचण अशी की मराठी मुलं जेमतेम चार आहेत आणि अ‍ॅडव्हायजर व्हायला कुणी तयार नाही. दिवाळीला फराळ विकून पैसे उभे करता येतील का? – एक विद्यार्थी, डब्लिन (कॅलिफोर्निया)

काढ. चारवर अडू नकोस. क्लब सगळ्यांना खुला ठेवावाच लागतो, 'फक्त मराठी' असं लिहिलेली क्लबची घटना, म्हणजे नियमावली, मंजूर होणार नाही. आणि ते चांगलंच आहे. लेझीम शिकायला येणारी व्हिएतनामी मुलगी सभासद म्हणून मोजली जाते. किमान सभासद किती, हे प्रत्येक कॉलेजात वेगळं. ते त्या सत्रात शिकत असले पाहिजेत, ही अट मात्र जवळजवळ सगळीकडे सापडेल. घटनेचा नमुना अ‍ॅक्टिव्हिटीज ऑफिसात मिळतो. त्यात पदं वाढवू नकोस. अध्यक्ष, सेक्रेटरी, खजिनदार आणि इंटर क्लब कौन्सिलला (सगळ्या क्लबांच्या मंडळाला) जाणारा प्रतिनिधी, बास. पदं जास्त झाली की काम कुणाचंच राहत नाही.

अ‍ॅडव्हायजर मराठी असायची गरज नाही. तू बहुधा फक्त प्राध्यापकांना विचारलंस. कॉलेजच्या नियमांत बसत असेल तर ग्रंथपाल, काउन्सेलर, लॅब सांभाळणारे यांनाही विचार. लोक नाही म्हणतात ते वेळेच्या भीतीने. 'आमचे अ‍ॅडव्हायजर व्हाल का?' असं मोघम विचारलं की समोरच्याला वर्षभराचं लचांड दिसतं. एक कागद घेऊन जा: मीटिंग एका आड एका बुधवारी, साडेबारा ते एक-वीस, तुमच्याकडून सह्या आणि सत्रात एका कार्यक्रमाला हजेरी, बाकी आम्ही. मला असा कागद घेऊन आलेल्यांना मी नाही म्हणू शकलेली नाही.

फराळाचं सांगते. घरी केलेल्या चकल्या कॅम्पसवर विकायला बहुतेक कॉलेजं परवानगी देत नाहीत, अन्न-सुरक्षेचे नियम कडक असतात. काउंटीच्या परवान्याचं दुकान गाठ, किंवा विक्री सोड आणि कौन्सिलकडे निधी माग. तिथे एक गोष्ट आधीच माहीत हवी. कॅलिफोर्नियात १९५३ चा ब्राउन अ‍ॅक्ट आहे, सार्वजनिक संस्थांच्या सभा उघड्यावर व्हाव्यात म्हणून केलेला. कम्युनिटी कॉलेजच्या विद्यार्थी सेनेटलाही (निवडून आलेल्या विद्यार्थी मंडळालाही) तो लागू आहे आणि पुष्कळ ठिकाणी इंटर क्लब कौन्सिलही तसंच चालतं. नियमित सभेची विषयपत्रिका ७२ तास आधी लावावी लागते. तुझी मागणी तिच्यावर नसेल तर त्या दिवशी त्यावर मतदान होत नाही, तू कितीही कळकळीने बोललास तरी. दिवाळीच्या आठवड्यात धावत गेलेले क्लब असेच रिकाम्या हाताने परततात. तू सप्टेंबरातच मागणी दे. सभेत ठराव मांडायचा, दुसऱ्याने अनुमोदन द्यायचं, मतं मोजायची, इतिवृत्तात लिहायचं. सगळी अमेरिका ज्या 'रॉबर्ट्स रूल्स'वर सभा चालवते, ते १८७६ साली हेन्री रॉबर्ट नावाच्या लष्करी इंजिनिअरने लिहिले. तुला त्यातलं एवढंच पुरेल.

क्लबच्या टी-शर्टांचे पैसे मुलांनी माझ्या व्हेन्मोवर (पैसे पाठवायच्या अॅपवर) पाठवले, मी खजिनदार आहे. आता अ‍ॅक्टिव्हिटीज ऑफिस विचारतंय. काही गैर झालं का? – सांता क्लारा

तुझा हेतू चांगला असणार, पण हे आजच्या आज थांबव. क्लबचा पैसा कॉलेजमधल्या क्लबच्या खात्यात असतो. स्वतःच्या खात्यात, व्हेन्मोवर किंवा खिशात ठेवायचा नसतो. कुणी किती दिले याची यादी कर, अ‍ॅडव्हायजरला दाखव, आणि पैसे जमा करायचे की परत करायचे हे ऑफिस सांगेल तसं कर. पुढे प्रत्येक खर्चाला आधी इतिवृत्तात ठराव, मग सह्या, मग बिल. हा क्रम कंटाळवाणा आहे हे मान्य. पण एकोणिसाव्या वर्षी दुसऱ्यांचे पैसे नीट सांभाळायला शिकलेलं मूल मला फार मोलाचं वाटतं.

वय ४१. पुण्यात कॉलेजात असताना पुरुषोत्तम करंडकाच्या वेळी बॅकस्टेज सांभाळायचे. लग्नानंतर इथे आले, आता मुलगी हायस्कूलला गेल्यावर अकाउंटिंगचे वर्ग घेतेय. वर्गातल्या मुली क्लबात बोलावतात, पण त्यांच्यात मी शोभेन का? – मिल्पिटास

तुमचं पत्र वाचून मी सकाळभर खूश होते. जा, नक्की जा. कम्युनिटी कॉलेज हे एकोणीस वर्षांच्यांचंच कॉलेज नाही. माझ्याच वर्गात आजोबा झालेले विद्यार्थी बसतात. फीच्या पावतीवर बहुधा २ डॉलरची 'स्टुडंट रिप्रेझेंटेशन फी' दिसेल. त्यातला एक डॉलर तुमच्या कॉलेजच्या विद्यार्थी प्रतिनिधित्वाला जातो, दुसरा राज्यभरच्या विद्यार्थी सेनेटला. म्हणजे त्या घरात तुमचा वाटा आधीच आहे.

अकाउंटिंगवाल्यांसाठी एक काम मला फार आवडतं. आयआरएसचा, म्हणजे अमेरिकेच्या प्राप्तिकर खात्याचा, 'व्हीटा' नावाचा उपक्रम आहे: कमी उत्पन्नाच्या लोकांचे टॅक्स रिटर्न स्वयंसेवक फुकट भरून देतात. अनेक कम्युनिटी कॉलेजांत त्याचं केंद्र असतं. स्वयंसेवकांना आयआरएसची परीक्षा द्यावी लागते, आणि फेब्रुवारी-मार्चमध्ये रांगा लागतात. तिथे कोण पुढे, कुणाचे कागद अपुरे, कुठलं टेबल रिकामं, हे सांभाळणारं माणूस नेहमी कमी पडतं. पडदा वर जायच्या आधी सगळं जागच्या जागी ठेवणं तुम्हाला येतं. गुण चांगले असतील तर फाय थीटा काप्पाचंही बोलावणं येईल. दोन वर्षांच्या कॉलेजांतल्या गुणवंत विद्यार्थ्यांची ही ऑनर सोसायटी १९१८ साली मिझुरीत सुरू झाली. सभासद होताना फी असते, पण सभासदांसाठी राखलेल्या ट्रान्स्फर शिष्यवृत्त्या पाहता ती मला वावगी वाटत नाही.

मी इंजिनिअरिंग क्लबचा अध्यक्ष. जूनमध्ये मी आणि कमिटीतले सगळे ट्रान्स्फर होतोय. नवीन मुलं मीटिंगला एकदा येतात, परत येत नाहीत. क्लब बंद पडेल का? – सॅक्रामेंटो

पडू शकतो, आणि मला ते होऊ द्यायचं नाही, म्हणून तुला जरा लांब उत्तर देते.

चार वर्षांच्या कॉलेजात तिसऱ्या वर्षाची मुलं असतात, शिकवायला आणि रागवायलाही. आपल्याकडे कुणी टिकत नाही. पहिल्या वर्षी क्लब सापडतो, दुसऱ्या वर्षी तो चालवायचा, आणि उन्हाळ्यात निघायचं. त्यामुळे हातात घेतलेलं काम पुढच्याच्या हातात देणं, हेच अध्यक्षाचं मुख्य काम. इथे बहुतेकांना ते मे महिन्यात आठवतं.

नवीन मुलं परत का येत नाहीत, हे तुझ्या पुढच्याच मीटिंगला बघ. तुम्ही चौघं पुढे बसून आपापसांत ठरवत असणार आणि ती मागे मोबाइल बघत असणार. आलेल्या मुलाला त्याच दिवशी, नावाने हाक मारून, लहानसं खरं काम दे: सोल्डरिंगचं सामान कपाटात मोजून ठेव, पुढच्या वेळी पिझ्झाची ऑर्डर तू दे, कौन्सिलच्या सभेला माझ्याबरोबर चल. काम असलेलं मूल परत येतं. हे मी इतक्या क्लबांत पाहिलंय की यावर माझ्याशी कुणी वाद घालू नये.

मग एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात निवडणूक घे. नवे पदाधिकारी आणि जुने, दोघांनी उरलेलं सत्र जोडीने काम करायचं. फॉर्म नव्या पदाधिकाऱ्याने भरायचा, जुन्याने शेजारी बसायचं, हात लावायचा नाही. तुझ्या स्वतःच्या जीमेलवर क्लबचं काही असेल तर ते आजच क्लबच्या खात्यावर हलव. अध्यक्ष सॅन डिएगोला गेला आणि पासवर्डही गेला, या कारणाने क्लब मेलेले मला माहीत आहेत. किल्ली कुणाकडे, कोणता प्राध्यापक खोली देतो, नूतनीकरणाचा अर्ज कधी भरायचा, ३डी प्रिंटरचं फिलामेंट कुठून स्वस्त मिळतं, हे सगळं दोन पानांत लिहून ठेव.

इतकं करूनही दोनच मुलं उरली तर कार्यक्रम निम्मे कर आणि त्या दोघांना क्लब दे. आणि कुणीच नसेल, तर घटना आणि खात्यातली शिल्लक अ‍ॅडव्हायजरकडे नोंदवून क्लब रीतसर निष्क्रिय कर. सप्टेंबरात कुणीतरी ऑफिसात येऊन 'इंजिनिअरिंगचा क्लब आहे का?' असं विचारतं. तेव्हा त्याला द्यायला ती फाइल तिथे हवी.