जुन्या गोव्यातलं से कॅथेड्रल नीट पाहायला किती वेळ लागतो आणि काय पाहावं?

दीड तास धरा आणि सकाळी ९ ते ११ च्या दरम्यान जा. संत फ्रान्सिस झेवियरचे अवशेष असलेलं बाँ जेझुस बॅसिलिका हे चर्च पाहून झाल्यावर समोरच्या पांढऱ्या कॅथेड्रलसाठी वेगळा वेळ काढावा का, असाही प्रश्न पडतो. जरूर काढा. खरं तर क्रमच उलटा ठेवा, आधी कॅथेड्रल आणि मग बॅसिलिका. कॅथेड्रलचं तोंड पूर्वेला आहे, त्यामुळे दर्शनी भिंतीवर सकाळीच ऊन असतं. दुपारनंतर ती सावलीत जाते आणि सगळं काम सपाट दिसतं. रस्त्यावरून बागेत शिरलं की आधी इमारतीची लांब बाजू दिसते. तिथेच फोटो काढून आत घुसू नका. वळसा घालून समोर या आणि थोडं मागे उभे राहा.

समोरून पाहिलं की डावीकडे एकच मनोरा दिसतो. उजवीकडचा १७७६ मध्ये कोसळला आणि पुन्हा कधी बांधलाच नाही. या वास्तूची सगळी गोष्ट मला इथेच दिसते. अफोन्सो दी आल्बुकेर्कने २५ नोव्हेंबर १५१० रोजी आदिलशाहीकडून गोवा घेतलं. तो संत कॅथरीनचा सणाचा दिवस, म्हणून कॅथेड्रल तिच्या नावाचं. आजच्या इमारतीचं काम १५६२ मध्ये सुरू झालं, मुख्य बांधकाम १६१९ मध्ये संपलं आणि आतल्या वेद्या पुऱ्या व्हायला १६५२ उजाडलं. इतकं मोठं चर्च उभारणारं शहर तेव्हा पूर्वेकडच्या पोर्तुगीज सत्तेची राजधानी होतं. पुढे साथींनी ते पोखरलं. १७५९ मध्ये व्हाइसरॉयने मुक्काम पणजीला हलवला आणि १८४३ मध्ये पणजी अधिकृत राजधानी झाली. मनोरा पडला तेव्हा शहर आधीच ओस पडत चाललं होतं. आज भोवती हिरवळ आणि माड आहेत, पण कॅथेड्रलचं माप त्या नाहीशा झालेल्या शहराचं आहे. हे डोक्यात ठेवून पाहिलं तरच त्याची भव्यता कळते.

उरलेल्या मनोऱ्यात ‘सोनेरी घंटा’ आहे. इन्क्विझिशनच्या, म्हणजे धर्मविरोधी ठरवलेल्यांवर खटले चालवणाऱ्या चर्चच्या न्यायालयाच्या, शिक्षा जाहीर होत तेव्हा ती वाजवली जाई. गोव्यात इन्क्विझिशन १५६० ते १८१२ चाललं, मधली काही वर्षं सोडली तर. त्याचा वाडा कॅथेड्रलच्या परिसरातच होता. आता तो उरलेला नाही, पण हा भाग वगळून या जागेचं कौतुक करणं मला अपुरं वाटतं.

आत गेल्यावर लोक सरळ मुख्य वेदीकडे चालत जातात आणि दहा मिनिटांत बाहेर पडतात. तसं करू नका. प्रवेशाजवळच्या छोट्या चॅपलमध्ये (बाजूच्या प्रार्थनाकक्षात) १५३२ सालची बाप्तिस्म्याची कुंडी आहे, म्हणजे ती या इमारतीहूनही जुनी. शेजारीच संत क्रिस्तोफरचं मोठं चित्र आहे. मग दोन्ही बाजूंची चॅपल एकेक करून पाहा. दोन चॅपलच्या तोंडाशी लाकडाची जाळीदार नक्षी आहे. तिथे थांबा, कारण मला वेदीइतकंच हे काम मोलाचं वाटतं. त्यांतल्या एका चॅपलमध्ये चमत्कारांचा क्रूस आहे आणि तो वाढत जातो अशी भाविकांची श्रद्धा आहे. शेवटी मुख्य वेदी: सोन्याचा मुलामा दिलेल्या फलकांवर कॅथरीनचं आयुष्य आणि हौतात्म्य कोरलेलं आहे. डोळे अंधाराला सरावेपर्यंत दोन मिनिटं बाकावर बसा, मग बारकावे दिसतात.

बाहेर आल्यावर भिंतींकडे पुन्हा बघा. आत दगड जांभाच आहे, वरून चुन्याचा गिलावा. जांभा सच्छिद्र असतो. उघडा राहिला तर कोकणातला पाऊस तो झिजवतो, म्हणून हा गिलावा म्हणजे नुसता रंग नव्हे, त्या दगडाचं संरक्षण आहे. समोरच्या बॅसिलिकेचा गिलावा १९५० च्या दशकात काढून टाकला गेला. तिचा तो लालसर रंग मूळचा नाही आणि तिच्या भिंतींची झीज हा आज गंभीर प्रश्न आहे. दोन्ही इमारती लागोपाठ पाहिल्या की फरक लगेच कळतो.

काही व्यवहाराच्या गोष्टी. पणजीच्या कदंब स्थानकावरून बस मिळते, अंतर साधारण १० किलोमीटर. कोकण रेल्वेने येत असाल तर करमळी स्थानक सर्वांत जवळचं. खांदे आणि गुडघे झाकलेले असावेत. रविवारी सकाळी मिस्सा (सामूहिक प्रार्थना) असते, तेव्हा पर्यटक म्हणून हिंडू नका. नोव्हेंबरअखेर ते ३ डिसेंबर, संत फ्रान्सिस झेवियरच्या फेस्ताच्या काळात प्रचंड गर्दी असते. फक्त वास्तू पाहायची असेल तर ते दिवस टाळा. शेजारच्या मठात पुरातत्त्व खात्याचं संग्रहालय आहे. ते शुक्रवारी बंद असतं, म्हणून दुसरा वार निवडा. तिथे व्हाइसरॉयांची चित्रं आणि पोर्तुगीजपूर्व काळातले वीरगळ एकाच छताखाली आहेत.

अर्धा दिवस हाताशी असेल तर व्हाइसरॉयच्या कमानीखालून धक्क्यावर जा आणि फेरीने दिवाडी बेटावर उतरा. गोव्यावर पूर्वी राज्य करणाऱ्या कदंब घराण्याचं दैवत सप्तकोटेश्वर, त्याचं जुनं देऊळ या बेटावर होतं. ते पोर्तुगीजांनी पाडलं. नंतर नदीपलीकडे नार्वे गावात देव पुन्हा स्थापला गेला आणि १६६८ मध्ये शिवाजी महाराजांनी त्या देवळाचा जीर्णोद्धार केला. बेटाच्या दुसऱ्या टोकाहून नार्व्यालाही फेरी जाते.