न सांगता जेवणातून दारू सोडवायची गोळी द्यावी का?

माझ्याकडे येणाऱ्या बायका सगळ्यात जास्त वेळा काय विचारतात तर हेच, "मॅडम, ह्यांना कळू न देता भाजीतून गोळी दिली तर चालतं का?" विचारताना आवाज एकदम खाली येतो. एसटी स्टँडच्या भिंतीवर जाहिरात असते, आता मोबाईलवर पण येते, 'पिणाऱ्याच्या नकळत दारू सोडवा, गॅरंटी'. उत्तर आधीच देऊन टाकते, नको, अजिबात नको. का नको ते एका ताईंच्या अनुभवावरून सांगते, ओळख पटेल असे तपशील बदललेत.

ताई सांगलीकडच्या, मालक टेम्पो चालवतात, चाळिशीचे. आधी संध्याकाळी एक क्वार्टर, मग दोन, आणि गेलं वर्षभर सकाळी उठलं की हात थरथरतात म्हणून चहाच्या आधी पण थोडी. ताईंना नणंदेने गोळ्यांची अर्धी स्ट्रिप आणून दिली, तिच्या दिराला डॉक्टरांनी लिहून दिलेली, त्यातली उरलेली. डायसल्फिराम. ताईंनी गोळी लाटण्याने बारीक केली आणि आमटीत टाकली. मालक संध्याकाळी पिऊन आले ते तोंड लालबुंद, डोकं ठणकतंय, म्हणाले ऊन लागलं. दुसऱ्या दिवशी परत प्यायला निघाले म्हणून ताईंनी दोन गोळ्या टाकल्या. त्या दिवशी जत्रेचे पाहुणे होते, मटण होतं, बाटली उघडली आणि पंधरा-वीस मिनिटांत माणूस घामाने भिजला, छातीत धडधड, उलट्या, उठायला गेले तर डोळ्यापुढे अंधारी येऊन खाली बसले. सगळ्यांना वाटलं अटॅक आला.

हॉस्पिटलमध्ये ईसीजी काढला, सलाईन लावलं, डॉक्टरांनी विचारलं काही औषध चालू आहे का, आणि शेजारी सासूबाई उभ्या होत्या म्हणून ताई "नाही" म्हणाल्या. मालक वाचले. नंतर ताई माझ्यासमोर बसल्या तेव्हा पर्समधून ती रिकामी स्ट्रिप काढली, फडक्यात गुंडाळून ठेवलेली, आणि एकच विचारत होत्या, "मी मारलं असतं का हो त्यांना?"

खरं उत्तर असं की हो, तसं होऊ शकलं असतं. आणि हे त्यांना सांगताना मला त्यांचा एक टक्काही राग आला नाही. रोज रात्री दारात उभं राहून वाट बघणाऱ्या बाईला जे हाताला लागेल ते ती करणारच. चूक त्या गोळीची पूर्ण माहिती कुणी न देण्यात आहे, म्हणून ती इथे नीट देते.

दारू पोटात गेली की लिव्हर तिचं आधी अ‍ॅसिटाल्डिहाइड करतं, हा विषारी पदार्थ आहे, पण लिव्हरमधलं दुसरं एन्झाइम त्याचा लगेच निकाल लावतं त्यामुळे तो साठत नाही. डायसल्फिराम हे दुसरं एन्झाइमच बंद पाडते. मग प्यायल्यावर ते विष रक्तात साठत जातं, तोंड लाल होतं, उलट्या, धडधड, बीपी पडतो. हार्टचा त्रास असेल तर ठोके बिघडतात, अटॅक येऊ शकतो, मृत्यू झाल्याच्याही नोंदी आहेत. आणि बंद पडलेलं एन्झाइम परत चालू होत नाही, शरीराला ते नवीन बनवावं लागतं, म्हणून गोळी थांबवल्यावरसुद्धा जवळपास २ आठवडे धोका राहतो. हे औषध कोपनहेगनमध्ये १९४०च्या दशकात सापडलं, हाल्ड आणि याकोबसेन हे दोघे संशोधक ते जंतांवरचं औषध म्हणून बघत होते, स्वतः घेऊन पाहिलं आणि दारू प्यायल्यावर त्रास झाला तेव्हा लक्षात आलं.

आता बघा, म्हणजे ही गोळी दारूची ओढ कमी करतच नाही. ओढ आहे तशीच राहते. गोळीचं काम एवढंच की 'मी गोळी घेतलीय, आज प्यायलो तर हाल होतील' हे माणसाला माहीत असावं आणि त्याने ग्लासला हात लावू नये. अमेरिकेत ६०५ पुरुषांवर एक मोठी चाचणी झाली होती, १९८६ साली छापून आली, त्यात काहींना पूर्ण २५० मिलिग्रॅमची गोळी होती आणि काहींना फक्त १ मिलिग्रॅम, जिने काहीच होत नाही, पण ती डायसल्फिरामच आहे हे त्यांनाही सांगितलेलं. पूर्ण दारूबंद राहण्यात दोन्ही गटांत म्हणावा असा फरक निघाला नाही. ज्याला माहीतच नाही त्याच्या बाबतीत मग उरतं काय, नुसतं विष. आणि माहीत नसलेला माणूस सावध तरी कसा राहणार, खोकला झाला तर अल्कोहोल असलेलं सिरप पिईल, घरातलं द्राक्षासव घेईल, त्यातही अल्कोहोल असतंच. शिवाय ही गोळी सुरू करण्याआधी किमान १२ तास दारू पोटात नसावी लागते, लिव्हरची तपासणी लागते, हार्ट आणि मानसिक आजाराची हिस्टरी बघावी लागते, हे सगळं आमटीत कुठून होणार? जाहिरातीतल्या पावडरींबद्दल तर मी बोलतच नाही, आत काय आहे तेच लिहिलेलं नसतं.

ताईंचा पुढचा प्रश्न जास्त अवघड होता, मालकांना सांगायचं का. मी म्हटलं, सांगायचं, पण ते न प्यायलेले असताना, सकाळी, आणि हवं तर माझ्यासमोर. त्यांनी माझ्यासमोरच सांगितलं. मालक काहीच बोलले नाहीत, उठून बाहेर गेले. त्यानंतर कितीतरी दिवस त्यांनी घरचं जेवण बंद केलं, गाडीवर वडापाव खायचे, घरी आलं तर फक्त अंडी, तीही स्वतः सोलून. ताई म्हणाल्या, "ह्यांनी मला मारलं असतं तर परवडलं असतं मॅडम." गोळीच्या साईड इफेक्टमध्ये हे कुठे छापलेलं नसतं, पण माझ्या मते सगळ्यात मोठं नुकसान हेच आहे, कारण पुढच्या उपचाराला ज्या माणसाचा हात धरायचा तिच्याच हातचं खायची भीती बसते.

आणि मग रागाच्या भरात मालकांनी जाहीर केलं, उद्यापासून थेंब नाही, मला कुणाच्या गोळीची गरज नाही. घरात सगळे खूश. मी मात्र ताईंना फोनवर लगेच सांगितलं की त्यांना आजच सायकिॲट्रिस्टकडे न्या, कारण सकाळी हात थरथरणाऱ्या माणसाने एकदम बंद करणं हे धोक्याचं असतं. दारू मेंदूतल्या शांत करणाऱ्या रसायनाचा, म्हणजे गाबाचा, जोर वाढवते आणि उत्तेजित करणारं रसायन, ग्लुटामेट, दाबते, वर्षानुवर्षं असं चाललं की मेंदू तोल राखायला उलट्या बाजूने जोर लावतो. मालकांना मी त्यांच्याच भाषेत सांगितलं, तुम्ही कायम ब्रेक दाबून ठेवलाय म्हणून मेंदूने तेवढाच अ‍ॅक्सिलरेटर दाबलाय, आता ब्रेकवरचा पाय एकदम काढला तर गाडी कुठे जाईल? हे त्यांना पटलं, पहिल्यांदा माझ्याकडे नीट बघितलं. शेवटच्या पेगनंतर साधारण ६-८ तासांत थरथर आणि घाम सुरू होतो, पहिल्या दोन दिवसांत फिट येऊ शकते, आणि दोन ते चार दिवसांत काहींना भ्रम होतो, भिंतीवर किडे दिसतात, माणसं ओळखत नाहीत. बाहेरचं काही झालं म्हणून अंगारा लावत बसतात लोक, पण ही इमर्जन्सी आहे, वेळेत उपचार नाही मिळाले तर जीव जातो.

त्यांना अ‍ॅडमिट केलं. क्लोरडायझेपॉक्साइड, म्हणजे दारू बंद केल्यावरची थरथर आणि फिट आवरणारं औषध, देऊन रोज डोस कमी करत आणला, बी-वन म्हणजे थायमिनची इंजेक्शनं दिली (ती सलाईनमधल्या ग्लुकोजच्या आधी देणं महत्त्वाचं, नाहीतर मेंदूला इजा होऊ शकते). ओढ कमी करायला नाल्ट्रेक्सोन, अ‍ॅकॅम्प्रोसेट अशी वेगळी औषधं असतात, कुणाला कुठलं चालेल हे लिव्हर-किडनी बघून डॉक्टर ठरवतात. आणि डिस्चार्जनंतर मालकांनी स्वतःच विचारलं, ती आमटीतली गोळी मला सांगून देता येईल का? रिपोर्ट नॉर्मल होते, डॉक्टरांनी सगळे धोके समजावून, सही घेऊन सुरू केली. सकाळी चहाबरोबर ताई स्ट्रिपमधून गोळी काढून हातावर ठेवायच्या, मालक त्यांच्यासमोर घ्यायचे. सगळं गोड झालं असं मात्र नाही, दिवाळीच्या आधी त्यांनी हिशोब करून गोळी थांबवली आणि भाऊबीजेला प्यायले. पण या वेळी दुसऱ्या दिवशी स्वतः फोन केला, लपवलं नाही. परत सुरुवात केली.

ज्यांचे मालक दवाखान्यात यायलाच तयार नाहीत त्यांनी काय करायचं, तर आधी तुम्ही या, एकट्या. अल-अनॉन हा पिणाऱ्यांच्या घरच्यांचा आधारगट आहे, त्याच्या मीटिंग घरच्यांसाठीच असतात. बोलायचं ते सकाळी, शुद्धीवर असताना, भांडणात नाही. कामावर त्यांच्या वतीने 'ताप आलाय' असं खोटं सांगणं बंद करा. सरकारची व्यसनमुक्तीची हेल्पलाइन १४४४६ आहे, टेली मानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनवर, १४४१६ वर, मराठीत बोलता येतं, दोन्ही फुकट.

आणि तुम्ही आधीच गुपचूप गोळी दिलेली असेल तर आज थांबवा, आणि पुढचे २ आठवडे त्यांनी दारू घेऊ नये म्हणून त्यांना खरं सांगा, एकटीने सांगायची भीती वाटत असेल तर डॉक्टरांसमोर सांगा. प्यायल्यावर तोंड लाल, उलट्या, धडधड, चक्कर असं काही दिसलं तर आडवं झोपवा, उलटी होत असेल तर कुशीवर, १०८ला फोन करा, आणि डॉक्टरांना गोळीचं नाव, किती दिली आणि कधी दिली हे सांगा, स्ट्रिप असेल तर दाखवा. सासूबाई शेजारी असल्या तरी.